वाद्यं आणि लॅपटॉप एकाच बैठकीत: या चुका टाळा

वडगावात यंत्रमागाच्या खोलीत रेकॉर्डर घेऊन बसले होते, तेव्हा वाटलं होतं की निम्मं काम झालं. धोट्याची धडक, मोटरची घरघर, धागा तुटून माग थांबला की एकदम पडणारी शांतता. याच्या जोडीला व्हायोलिन, बासरी आणि तबला, अशी बारा मिनिटांची रचना. टिळकवाडीत घरी हेडफोन लावून ऐकली की अंगावर काटा यायचा. पहिल्या तालमीत मात्र तिघं वादक एकीकडे वाजवत होते आणि माग भलतीकडेच कुठेतरी चालला होता.

बेळगाव, खानापूर, निपाणीकडची काही मुलं आता या वाटेला लागली आहेत. गळा किंवा हात तयार आहे, लॅपटॉपही आहे. अडतं ते ठरावीक ठिकाणीच, म्हणून हे लिहिते आहे.

स्पीकर कुठे ठेवलाय?

माझ्या मते सगळ्यात मोठी चूक हीच. आपल्याकडच्या सभागृहांत रंगमंचाच्या दोन टोकांना स्पीकरचे दोन मोठे बॉक्स असतात. व्हायोलिन मधून ऐकू येतं, माग पंधरा फुटांवरून आणि डोक्याच्या वरून. कान या दोघांना एकत्र मानायला तयार होत नाही. मग आपण व्हायोलिनला माइक लावून तेही बॉक्समधून सोडतो, आणि समोर बसलेल्या वादकाचा आवाज भलतीकडूनच यायला लागतो. चार माणसांच्या बैठकीची जवळीक तिथेच संपते.

उपाय साधा आहे. स्पीकरला वादकांच्यात बसवा. एक-दोन लहान स्पीकर वादकांच्या मागे हातभर अंतरावर, स्टुलावर, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला. आवाज किती ठेवायचा हे बासरीच्या सगळ्यात हळू जागेवरून ठरवा. माइक न लावता ती जागा ऐकू आली पाहिजे. मागच्या रांगांसाठी हवंच असेल तर हेच सगळं मोठ्या बॉक्समधून अगदी किंचित सोडा. आणि रिव्हर्ब, म्हणजे आवाजाला दिलेली घुमण्याची जोड, एकच ठेवा. सिंथेसायझर देवळाच्या गाभाऱ्यात घुमतोय आणि बासरी कोरड्या हॉलमध्ये, असं झालं तर कितीही चांगले स्वर लिहा, दोन खोल्या जोडल्या जात नाहीत.

फाईल वादकासाठी थांबत नाही

१९५२ साली ब्रुनो मादेर्ना या इटालियन संगीतकाराने बासरी आणि टेपवर आधी रेकॉर्ड केलेले आवाज एकत्र आणले, तेव्हापासूनची ही अडचण आहे. टेप आपल्या वेगाने पुढे जाते. आपल्या वादकाला तर विलंबित लयीत एखाद्या निषादावर रेंगाळायची सवय. त्याचं सौंदर्यच त्यात आहे. मी आधी तबलजींच्या कानात क्लिक, म्हणजे फाईलच्या लयीची टिकटिक, दिली. दोन आवर्तनांनंतर ते थांबले. म्हणाले, "ताई, कानात ही टिकटिक चाललीय, मला व्हायोलिन ऐकूच येईना झालंय."

मग बारा मिनिटांच्या फाईलचे एकोणीस तुकडे केले. प्रत्येक तुकड्याच्या शेवटी लांब विरणारी शेपूट ठेवली, म्हणजे वादक रेंगाळला तरी मध्ये पोकळी पडत नाही. पुढचा तुकडा पायातल्या पेडलने सुटतो. पेडल वादकाच्या पायाखाली देऊ नका. तालमीला रोज बसलेल्या, सम कळणाऱ्या माणसाकडे द्या.

मागाच्या बाबतीत तर मी आणखी एक चूक केली होती. व्होल्टेज उतरलं की मोटर मंदावते आणि ठोकेही लांबतात. ते मी सॉफ्टवेअरमध्ये ओढून एकसारखे करून टाकले. माग मेलाच. मूळ रेकॉर्डिंग परत लावलं, तबलजींनी दोनदा डोळे मिटून ऐकलं आणि तिसऱ्यांदा माग थांबतो नेमकी तिथे सम आणली. जिवंत आवाजाची लय सरळ करायला जाऊ नका, वादक ती पकडतो.

चालू वाजवणं लॅपटॉपमधून फिरवून बाहेर काढणार असाल तर बफर तपासा, म्हणजे लॅपटॉप एका वेळी आवाजाचे किती नमुने साठवून पुढे पाठवतो ते; तेवढा आवाज उशिरा येतो. ४४,१०० च्या सँपल रेटला (सेकंदाला इतके नमुने) ५१२ चा बफर म्हणजे ११.६ मिलिसेकंद, आत येताना आणि बाहेर जाताना धरून दुप्पट. इतक्या वेळात आवाज आठ मीटर जातो, म्हणजे वादकाचा प्रतिध्वनी हॉलच्या पलीकडे बसलेला. १२८ वर आणा. ब्लूटूथ स्पीकर तर तालमीलाही नको.

स्वर

सिंथेसायझरचा गांधार तंबोऱ्यातून ऐकू येणाऱ्या गांधारापेक्षा साधारण १४ सेंट चढा असतो. एका अर्ध्या स्वराचे शंभर सेंट, म्हणजे हा फरक यमन वाजवणाऱ्याला लगेच टोचतो. सॉफ्टवेअरमध्ये तो उतरवता येतो, पण मी गांधार बासरीवरच सोडते आणि लॅपटॉपकडे षड्ज-पंचम आणि बिनस्वराचे आवाज ठेवते.

बासरी गरम झाली की चढते, तापमानाच्या एका अंशाला तीन सेंटच्या आसपास. जुलैतल्या आपल्या पावसात तबला उतरतो. म्हणून फाईलचा षड्ज घरी पक्का करून आणू नका. बारीक चढ-उताराची सोय ठेवा आणि कार्यक्रमाच्या संध्याकाळी, वाद्यं लागल्यावर, त्यांच्याशी फाईल जुळवा.

घूं

स्पीकरमधून घूं येत असेल तर ती विजेची ५० हर्ट्झ. पांढरी पाचच्या (पेटीवरची पाचवी पांढरी पट्टी) खर्जाला ४९ हर्ट्झ लागतात, म्हणजे तुमचा षड्ज पांढरी पाच असेल तर ही घूं त्याच्याशी ३५ सेंट बेसूर तंबोरा लावून बसते. लॅपटॉप, इंटरफेस (माइक-स्पीकर लॅपटॉपला जोडणारी पेटी), स्पीकर सगळं एकाच अर्थिंग असलेल्या बोर्डावर घ्या, लांब वायरी बॅलन्स्ड, म्हणजे बाहेरची घूं न पकडणाऱ्या, वापरा. एका हॉलमध्ये मला कुणीतरी प्लगची अर्थची पिन काढायला सांगितलं होतं. ते कधीही करू नका, धातूच्या माइकला आणि तारांना माणसाचे हात लागलेले असतात. आधी लॅपटॉपचा चार्जर काढून पाहा, बहुतेक वेळा घूं तिथेच थांबते. बॅटरी मात्र त्यासाठी दुपारीच पूर्ण भरून आणा.