आयपी अ‍ॅड्रेसचा घोळ: ऑफिसच्या नेटवर्कमध्ये या चुका टाळा

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे चालू असताना अडत दुकानातल्या प्रिंटरवरून पट्टी निघेनाशी झाली, की शेतकरी ताटकळतो आणि आत कोणीतरी घाईने राउटर बंद-चालू करतो. ही पहिली चूक. संगणकाला नेटवर्कमध्ये ओळख म्हणून मिळालेला आकड्यांचा पत्ता, म्हणजेच आयपी अ‍ॅड्रेस, हाच बिघाडाची जागा सांगत असतो आणि राउटर बंद केल्याने ती खूण पुसली जाऊ शकते. म्हणून आधी कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘आयपीकॉन्फिग’ ही आज्ञा देऊन दिसणारा आकडा कागदावर उतरवून घ्यावा.

पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर डीएचसीपी सर्व्हरकडून (संगणकांना आपोआप पत्ते वाटणारी यंत्रणा; लहान ऑफिसात हे काम बहुधा राउटरच करतो) उत्तर न आल्यामुळे विंडोजने तो स्वतःच घेतलेला असतो. एकाच संगणकाची ही तक्रार असेल तर केबल आणि स्विचचा (केबली एकत्र जोडणाऱ्या पेटीचा) पोर्ट तपासावा. अनेकांची असेल तर राउटरमधील पत्ते संपले आहेत का, ते पाहावे. पत्त्यातील शेवटच्या आकड्यासाठी १०० ते १४९ एवढीच मर्यादा ठेवली असेल तर पत्ते ५०च होतात, आणि दिलेला पत्ता राखून ठेवण्याची मुदत २४ तासांची असल्यास सकाळी येऊन गेलेल्या पाहुण्याच्या मोबाईलचा पत्ताही दुसऱ्या दिवसापर्यंत अडकून राहतो. पाहुण्यांसाठी वेगळे वायफाय आणि दोन-तीन तासांची मुदत ठेवावी.

ऑफिसचे पत्ते १९२.१६८.१ चे असताना एखाद्या संगणकावर १९२.१६८.० दिसले, तर वायफायची रेंज वाढवण्यासाठी कोणी जुना राउटर जोडला आहे का, ते आधी विचारावे. त्यातील डीएचसीपी चालू राहिल्यास दोन राउटर पत्ते वाटू लागतात. जुन्या राउटरमधील डीएचसीपी बंद करणे हाच उपाय.

मला सर्वांत घातक वाटते ती चूक मात्र वेगळी आहे: अडचण आली की प्रिंटरला हाताने पत्ता देऊन मोकळे होणे. तो पत्ता राउटरच्या वाटपाच्या मर्यादेत असेल, तर महिनाभर काम सुरळीत चालते. मग एके दिवशी वीज जाऊन येते, अनेक साधे राउटर वाटपाची यादी विसरतात आणि तोच पत्ता कोणाच्या तरी मोबाईलला देऊन बसतात. मग छपाई कधी होते, कधी अडते, आणि दोष प्रिंटरच्या माथी येतो. खात्री करण्यासाठी प्रिंटर बंद करून दुसऱ्या संगणकावरून त्याच्या पत्त्यावर ‘पिंग’ करावे, म्हणजे तिथून उत्तर येते का ते पाहणारी आज्ञा द्यावी. तरीही उत्तर आले तर तो पत्ता दुसऱ्या उपकरणाकडे आहे. अशा वेळी प्रिंटर पुन्हा ‘ऑटोमॅटिक’वर ठेवून, त्याच्या कायमच्या ओळख क्रमांकासाठी, म्हणजे मॅक अ‍ॅड्रेससाठी राउटरमध्येच एक पत्ता राखून ठेवावा.