संख्या परिमेय की अपरिमेय, हे कसे ओळखावे

समोरची संख्या परिमेय आहे की अपरिमेय हे ठरवताना दशांश चिन्हापुढचे अंक मोजत बसू नये. तिला दोन पूर्णांकांच्या भागाकाराच्या रूपात, छेद शून्य न ठेवता, लिहिता येते का, एवढेच आधी पाहावे. ५, ० किंवा −३ यांचा छेद १ मानता येतो, म्हणून प्रत्येक पूर्णांक परिमेयच असतो.

अपूर्णांक दिलेला असेल, तर त्याला अतिसंक्षिप्त रूप देऊन छेदाचे मूळ अवयव पाडावेत. त्यांत २ आणि ५ यांखेरीज कोणी नसेल, तर दशांश रूप खंडित होते, जसे ७/४० = ०.१७५, अन्यथा ते अखंड आवर्ती असते. संक्षेपाची पायरी गाळल्यास फसगत होते, कारण ६/१५ च्या छेदात ३ दिसतो खरा, पण तो अपूर्णांक मुळात २/५, म्हणजे ०.४ आहे.

अंकांची आवृत्ती का होते, हे १ ला ७ ने स्वतः भागून पाहावे. बाकी क्रमाने ३, २, ६, ४, ५ आणि पुन्हा १ उरते. ७ ने भागताना शून्येतर बाक्या सहाच संभवतात, त्यामुळे एखादी बाकी परत येणे अटळ असते आणि ती आली की भागाकारही पहिल्यापासून सुरू होतो : ०.१४२८५७१४२८५७… उलट दिशेने, क्ष = ०.२७२७… असल्यास १०० क्ष = २७.२७२७… होतो; वजाबाकी केल्यावर ९९ क्ष = २७ उरते आणि क्ष = ३/११ मिळतो.

वर्गमूळ पाहून लगेच अपरिमेय म्हणू नये, कारण √४९ म्हणजे सरळ ७. नैसर्गिक संख्या पूर्ण वर्ग नसेल, तरच तिचे वर्गमूळ अपरिमेय ठरते. पायची किंमत २२/७ घेण्याच्या सवयीने तर अनेकजण पायलाच परिमेय समजतात; वास्तविक २२/७ = ३.१४२८५७… आणि पाय = ३.१४१५९…, म्हणजे तिसऱ्याच दशांश स्थळी दोघांची फारकत होते. आर्यभटाने ६२८३२/२०००० हे गुणोत्तर देताना ‘आसन्न’, म्हणजे जवळचे, हा शब्द योजला होता. शाळेतल्या २२/७ लाही तो शब्द जोडायला हवा.

प्रत्येक वास्तव संख्या या दोहोंपैकी नेमक्या एकाच गटात पडते. दोन परिमेय संख्यांची बेरीज, वजाबाकी किंवा गुणाकार परिमेयच येतो. अपरिमेय संख्यांबाबत ही हमी नाही, कारण √२ × √२ = २. परिमेय व अपरिमेय यांची बेरीज मात्र नेहमी अपरिमेय असते. ती परिमेय मानली, तर तिच्यातून परिमेय भाग वजा करताच उरलेली अपरिमेय संख्याही परिमेय ठरेल. गुणाकारालाही हाच नियम लावता येतो, फक्त परिमेय संख्या शून्य नसावी, आणि उत्तरपत्रिकेत नेमकी हीच अट लिहायची राहून जाते.