तिपाईवरचा स्प्रिंकलर वापरताना या चुका टाळा

बंगल्याच्या आवारात किंवा सोसायटीच्या बागेत तिपाईवरचा स्प्रिंकलर बसवला की पाणी देण्याचे काम कायमचे मार्गी लागले, असे अनेकांना वाटते. पण काही आठवड्यांतच हिरवळीवर एकीकडे पिवळे चट्टे आणि दुसरीकडे चिखल दिसू लागतो आणि सगळा दोष स्प्रिंकलरच्या माथी मारला जातो. बहुतेक वेळा दोष त्याचा नसतो. पाण्याचा दाब अपुरा असतो किंवा तिपाई चुकीची उभी केलेली असते, म्हणून नवे नोझल विकत आणण्याआधी या दोन गोष्टी तपासाव्यात.

सर्वांत मोठी चूक म्हणजे केवळ गच्चीवरच्या टाकीच्या भरवशावर राहणे. टाकीतल्या पाण्याच्या दर 10 मीटर उंचीमागे साधारण 1 किलो प्रति चौरस सेंटिमीटर इतका दाब मिळतो. दुमजली बंगल्याची टाकी बागेतल्या नळापासून 7 ते 8 मीटर उंच असेल, तर नळाशी जेमतेम पाऊण किलो दाब येतो, त्यातला थोडा तिपाईच्या उंचीवर चढण्यात खर्च होतो आणि उरलेल्यातला बराचसा अर्धा इंची लांब पाइपातल्या घर्षणात जातो. टकटक आवाज करत फिरणाऱ्या इम्पॅक्ट प्रकारच्या स्प्रिंकलरला मात्र नीट चालण्यासाठी साधारणपणे 2 ते 3 किलो दाब हवा असतो. दाब कमी पडला की त्याचा हात अडखळतो, धार फुटत नाही, आणि जाड थेंबांचे कडे दूरवर पडून मधला भाग कोरडा राहतो. उलट दाब फार वाढला, तर पाण्याचे धुके होऊन ते वाऱ्याबरोबर शेजारच्या आवारात जाते. त्यामुळे दाब मोजूनच निर्णय घ्यावा. प्रेशर गेज स्प्रिंकलरच्या अगदी जवळ टी (तीन तोंडांचा जोड) जोडून बसवावा आणि पाणी चालू असताना वाचावा, कारण नळ बंद असतानाचा आकडा फसवा असतो. दाब कमी असेल, तर आधी पाऊण किंवा एक इंची पाइप घ्यावा, त्याची लांबी कमी करावी आणि एका वेळी एकच स्प्रिंकलर चालवावा. एवढे करूनही भागले नाही, तरच टाकीच्या पुढे छोटा प्रेशर पंप बसवावा. नगरपालिकेच्या जलवाहिनीला पंप थेट कधीही जोडू नये.

आता तिपाईकडे वळू. मऊ, नुकत्याच भिजलेल्या जमिनीत तिचा एक पाय हळूहळू रुततो, नळी कलते आणि एका बाजूला पाणी जमिनीत घुसते, तर दुसऱ्या बाजूला उंच उडून वाऱ्यावर जाते. पायांखाली फरशीचे तुकडे ठेवावेत आणि गवंड्याकडची छोटी पाणसळ उभ्या नळीला लावून ती खरोखर सरळ आहे ना, हे पाहावे. उतारावर खालच्या बाजूचा पाय लांब करावा. अर्धवर्तुळात पाणी फेकायचे असेल, तर धारेच्या उलट धक्क्याने तिपाई मागे ढकलली जाते, म्हणून एक पाय फेकीच्या विरुद्ध दिशेला येईल अशी मांडणी करावी आणि पाण्याने भरलेल्या पाइपाचा ओढा तिपाईवर येऊ नये यासाठी तो पायाशी बांधून घ्यावा. उंचीच्या बाबतीतही अतिरेक होतो. जास्वंद, कण्हेर किंवा मेंदीच्या कुंपणावरून पाणी जायला हवे, तेवढ्यापुरतीच उंची ठेवावी. निव्वळ हिरवळ असेल, तर तिपाई शक्य तितकी खाली घ्यावी. धारेच्या वाटेत झुडूप आले की त्याच्या मागची पट्टी कोरडी राहते, आणि त्या पट्टीला लोक उगाचच जास्त खत घालत बसतात.

एकाच जागी उभ्या असलेल्या स्प्रिंकलरने सगळीकडे सारखे पाणी पडते, हा समजही खोटा आहे. कडेकडे जाताना पाणी विरळ होत जाते, म्हणून तिपाई हलवताना एका जागेची फेक दुसऱ्या जागेपर्यंत पोहोचेल इतके अंतर ठेवावे. खात्री करून घ्यायची असेल, तर एकाच मापाचे, सरळ कडांचे डबे ओळीने मांडावेत, अर्धा तास स्प्रिंकलर चालवावा आणि प्रत्येक डब्यातले पाणी पट्टीने मोजावे. माझ्या दृष्टीने संपूर्ण बागकामात इतकी स्वस्त आणि इतकी बोलकी चाचणी दुसरी नाही.

या चाचणीतून किती वेळ पाणी द्यायचे, हेही उमगते. समजा, स्प्रिंकलरमधून मिनिटाला 15 लिटर पाणी निघते आणि 8 मीटर त्रिज्येचे वर्तुळ भिजते. म्हणजे क्षेत्र झाले सुमारे 200 चौरस मीटर. एका चौरस मीटरवर 1 लिटर पाणी म्हणजे 1 मिलिमीटर, या हिशेबाने 20 मिनिटांत अवघे दीड मिलिमीटर पाणी पडते. भर उन्हाळ्यात हिरवळीतून रोज त्याच्या कितीतरी पट पाणी उडून जाते, तेव्हा रोजच्या अशा शिंतोड्यांनी फक्त वरचा थर ओला दिसतो आणि मुळे वरच राहतात. रोज थोडे देण्यापेक्षा दोन-तीन दिवसांआड भरपूर पाणी द्यावे आणि नंतर सळई खुपसून ओल किती खोल गेली, ते पाहावे. मात्र तासभर स्प्रिंकलर चालला तर 900 लिटर पाणी लागते, म्हणजे 1000 लिटरची टाकी जवळजवळ रिकामी होते, हे घरातल्यांना आधी सांगितलेले बरे.

काळ्या जमिनीत पाणी सावकाश मुरते. तिथे सलग तासभर फवारा सोडला, तर पाणी साचते किंवा वाहून जाते, म्हणून 15-20 मिनिटे चालवून, पाणी मुरू देऊन पुन्हा चालवावे आणि पुढची पाळी जमीन वाफशावर, म्हणजे ओल असूनही चिखल नसलेल्या स्थितीत, आल्यानंतरच द्यावी. कोकणातल्या जांभ्या जमिनीत पाणी झटकन खाली जाते. तिथे एकदम भरपूर देण्यापेक्षा कमी अंतराने दिलेले पाणी उपयोगी पडते.

पाणी पहाटे द्यावे, वारा पडलेला असतो आणि उन्हाने पाने लवकर वाळतात. रात्रभर ओली राहिलेली गुलाबाची पाने काळ्या ठिपक्यांच्या रोगाला बळी पडतात, आणि टोमॅटोवरचा करपाही ओल्या पानांवर फोफावतो. गुलाब व भाजीच्या वाफ्यांना मुळाशीच पाणी देणे मला अधिक योग्य वाटते. दुपारी उन्हात पडलेल्या पाइपातले पहिले पाणी चटका देण्याइतके गरम असते, ते झाडांवर जाऊ देऊ नये.

फिरता फिरता स्प्रिंकलर थांबला, तर प्रथम त्याची चाळणी आणि नोझल पाहावे. बोअरच्या जड पाण्याने नोझलच्या तोंडाशी क्षारांचा पांढरा थर बसतो. तो व्हिनेगरमध्ये भिजवून जुन्या टूथब्रशने काढावा, पण तारेने खरवडू नये, कारण भोक किंचित मोठे झाले तरी फेक बिघडते. फिरणाऱ्या भागाला तेल किंवा ग्रीस लावू नये, त्याला चिकटलेली वाळूच पुढे झीज करते. स्वच्छ पाणी हेच त्याचे वंगण आहे. अर्धवर्तुळावर लावलेला स्प्रिंकलर पूर्ण गोल फिरू लागला, तर फिरण्याची हद्द ठरवणाऱ्या मानेवरच्या दोन कड्या सरकल्या आहेत का आणि दिशा बदलणारा खटका गाळाने अडकला आहे का, हे पाहावे. जोडणीतून पाणी गळत असेल, तर पान्याने जोर लावण्याआधी आतला रबरी वायसर बदलावा. तो सुकून चिरलेला असतो आणि त्या गळतीतून दाब गेल्यामुळेच तो स्प्रिंकलरला पुरत नसतो.