स्प्रिंगच्या जॉयस्टिकवर ट्रिम: आधी हात, मग बटण

सिम्युलेटरमध्ये सेसना १७२ हे छोटं विमान सरळ उडवताना मनगट भरून येत असेल, तर ट्रिम (स्टिकवर सतत द्यावा लागणारा जोर काढून टाकणारी जुळणी) करायचं राहून गेलंय. लांबच्या पल्ल्याला होडीचं सुकाणू दोरीने बांधून ठेवतात, ट्रिमचं काम तेच.

खऱ्या सेसनात उजव्या एलिव्हेटरच्या (शेपटीवरची, नाक वर-खाली करणारी आडवी फळी) मागच्या कडेला एक छोटी पट्टी असते, ट्रिम टॅब. चाक फिरवून ती खाली केली की वारा एलिव्हेटरला वर ढकलतो आणि नाक वर येतं. वैमानिकाचा हात होता तिथेच राहतो, फक्त त्याच्यावरचा जोर संपतो. घरच्या जॉयस्टिकची स्प्रिंग मात्र कायम मधोमध ओढते. म्हणून इथे ट्रिम करताना हात हळूहळू मध्याकडे आणावा लागतो. सगळा गोंधळ होतो तो याच टप्प्यावर.

ट्रिम शक्यतो अंगठ्याखालच्या हॅट स्विचवर (स्टिकच्या टोकावरचं चारी बाजूंना ढकलता येणारं बटण) लावा: पुढे ढकललं की नाक खाली, मागे ओढलं की नाक वर. उलटं लावलंत तर पहिल्याच क्लिकला कळेल. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरमध्ये कीबोर्डवर नंबरपॅडचा ७ नाक खाली नेतो आणि १ वर, पण उडताना बोटं तिथे शोधत बसणं गैरसोयीचं.

सरावाला आपला किनारा उत्तम, कारण समुद्रावर क्षितिजरेषा स्वच्छ दिसते. हवामान निरभ्र, वारा शून्य ठेवा. आषाढातलं लाइव्ह वेदर लावून ट्रिम शिकायला जाऊ नका. सिंधुदुर्गातल्या चिपी विमानतळाच्या रनवे २७ वरून (पश्चिमेकडे, समुद्राच्या दिशेने) उडा, ट्रिम टेकऑफच्या खुणेवर. उजवीकडे वळा, समुद्र डाव्या हाताला ठेवा. मालवणचा सिंधुदुर्ग किल्ला खाली दिसला की दिशा बरोबर. रत्नागिरी पुढे, चिपीपासून सुमारे ६० नॉटिकल मैल, म्हणजे सरावाला अर्ध्या तासाहून जास्त वेळ मिळतो.

३००० फुटांवर आलात की आधी स्टिकनेच नाक क्षितिजावर आणा आणि तसंच धरून ठेवा. वेग वाढू द्या, मग थ्रॉटल (इंजिनाची ताकद कमी-जास्त करणारा दांडा) २३०० आरपीएमवर, म्हणजे मिनिटाला २३०० फेऱ्यांवर आणा. वेगाचा काटा थांबेपर्यंत ट्रिमला हात लावू नका. घाई इथेच नडते: वेग वाढतोय तोवर नाक वर जायला बघतं, तेव्हा आत्ता केलेलं ट्रिम अर्ध्या मिनिटात चुकीचं ठरतं. काटा थांबला की नाक-खालीचा एक क्लिक द्या आणि स्टिकवरचा दाब तेवढाच सैल करा. पुन्हा क्लिक, पुन्हा सैल. नाक मात्र जागेवरून हलता कामा नये. स्टिक मध्यावर आली की हात सोडा आणि दहा-पंधरा सेकंद थांबा. चढ-उताराचा काटा मागाहून चालतो, त्याच्या मागे ट्रिम घेऊन धावलात तर विमान लाटांवरच्या होडीसारखं डोलत राहील.

आता हात सोडूनच २०० आरपीएम कमी करा. विमान थोडं वर-खाली डोलेल आणि जवळपास त्याच वेगाने उतरू लागेल. ट्रिम वेग धरतं, उंची नाही. उंची थ्रॉटलकडून मागायची. फ्लॅप, म्हणजे पंखांच्या मागच्या झडपा, लावलेत तर (पहिले १० अंश ११० नॉटच्या आत) नाक उसळेल. ते स्टिकने दाबून धरा आणि मग ट्रिम करा. क्रम तोच.

ट्रिमला फिरता अक्ष, म्हणजे स्लायडर लावायचा मोह होतो. ऑटोपायलट ट्रिम स्वतः फिरवतो, तुमचा स्लायडर मात्र जुन्याच जागी असतो. ऑटोपायलट चालू असताना स्लायडर जरा हलला की दोघांची ओढाताण, आणि ऑटोपायलट बंद केल्यावर स्लायडरला हात लागला की नाकाला जोराचा झटका. बटणांना हा त्रास नाही.

किनाऱ्यावरची खारी, दमट हवा पोटेन्शिओमीटरच्या (घासणाऱ्या संपर्काने जागा मोजणारा सेन्सर) जॉयस्टिकला सोसत नाही. विंडोजच्या रन चौकटीत ‘जॉय डॉट सीपीएल’ हे इंग्रजीत टाइप करा आणि स्टिक न धरता तिची जागा दाखवणारी फुली बघा. ती थरथरत असेल तर ट्रिम कितीही नेमकं करा, विमान स्थिर राहणार नाही. वायर काढून सेन्सरवर कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, स्टिक वीस-तीस वेळा चारी बाजूंना फिरवा, पूर्ण वाळू द्या. खोबरेल तेल नको! डेडझोन (मध्याजवळची, स्टिक हलली तरी विमान दखल घेत नाही अशी जागा) ३ ते ५ टक्के पुरतो. १० च्या वर नेलात तर मध्याजवळ स्टिक मुकी होते आणि दाब सोडताना नाक कधी निसटलं ते कळत नाही. चुंबकाने जागा मोजणाऱ्या हॉल सेन्सरच्या स्टिकमध्ये घासणारा भागच नसतो, तिला ही कटकट कमी.

एअरबस ए३२० मध्ये यातलं काही करू नका. नॉर्मल लॉमध्ये, म्हणजे तिचे संगणक नेहमीसारखे चालू असताना, ती हवेत स्वतःच ट्रिम करते. डीसीएस या लढाऊ विमानांच्या सिम्युलेटरमधल्या हेलिकॉप्टरचा हिशेब वेगळा: ट्रिमचं बटण दाबलं की स्टिक आहे ती जागा नवा मध्य ठरते, आणि तुम्ही स्टिक लगेच सोडली नाहीत तर तोच दाब दुप्पट होऊन लागतो. सेटिंगमध्ये मध्यावर परत येईपर्यंत स्टिककडे दुर्लक्ष करणारा पर्याय आहे. स्प्रिंगची स्टिक असेल तर तोच निवडा.