सेल्वनवर पीएचडी करताय? 'आपला माणूस' शोधू नका

माझं पहिलं दीड वर्ष एका शब्दापायी गेलं. विद्यापीठाच्या संशोधन मान्यता समितीपुढे (आरआरसी) ठेवलेल्या शीर्षकातच मी 'भारतीयत्वाचा शोध' असं लिहून बसले होते.

कादंबरीकार सॅम सेल्वन कॅरिबियनमधल्या त्रिनिदाद बेटाचा, जन्म १९२३. वडील मद्रासी, आई अर्धी स्कॉटिश. पहिली कादंबरी 'अ ब्रायटर सन' (१९५२) वाचली आणि वाटलं, सापडलं! सोळा वर्षांचा टायगर, उर्मिलेशी लग्न, बराटारियातला संसार. पानोपानी 'भारतीय' खुणा टिपल्या. मग 'द लोन्ली लंडनर्स' (१९५६) उघडली. मोझेस, गॅलहड, बिग सिटी. लंडनच्या थंडीत काम आणि खोली शोधणारे कृष्णवर्णीय. वही कोरी! मी काय करावं? 'लेखक मुळांपासून दुरावतो' असं एक प्रकरण ठोकून दिलं. ते परत आलं, आणि यायलाच हवं होतं.

मुळात टायगरसुद्धा त्या चौकटीत मावत नाही. त्याचे शेजारी जो आणि रीटा कृष्णवर्णीय, दुकानदार चिनी, आणि तो कामाला जातो अमेरिकनांच्या हायवेवर. १९७९च्या भाषणाला सेल्वननं नावच दिलं होतं 'थ्री इंटू वन कान्ट गो': ईस्ट इंडियन (म्हणजे तिथला भारतीय वंशाचा), त्रिनिदादियन, वेस्ट इंडियन या तिघांचा भागाकार जमत नाही. हे मी आधी वाचायला हवं होतं. शिवाय १८४५पासून त्रिनिदादला गेलेले गिरमिटिये, म्हणजे कराराने नेलेले भारतीय मजूर, बहुतांश भोजपुरी-अवधी मुलखातले. मॉरिशसला तरी मराठी माणसं गेली. त्रिनिदादशी मी कसलं नातं लावत होते?

घाबरू नका, धागा आहे. निवेदक कोणत्या भाषेत बोलतो तेवढं पाहत चला. आपल्या ग्रामीण कथांत बरेचदा निवेदन प्रमाण आणि संवाद बोलीत असतात. 'अ ब्रायटर सन'मध्येही तसंच. 'लंडनर्स' त्यानं आधी प्रमाण इंग्रजीत लिहून पाहिली, जमेना. मग निवेदकच क्रिओल, म्हणजे तिकडची इंग्रजी बोली, बोलू लागला. पण ही टेप केलेली बोली नव्हे, घडवलेली भाषा आहे. 'मोझेस असेंडिंग'मध्ये (१९७५) घरमालक झालेला मोझेस आत्मचरित्र लिहितो आणि जडजंबाल इंग्रजीत क्रिओल मिसळतो. १९५०ला लंडन, १९७८ला कॅनडा, हा प्रवास या भाषेच्या बाजूला ठेवून वाचा, प्रकरणं आपोआप पडतात.

'आधी होमी भाभा (उत्तरवसाहतवादी सिद्धान्तकार) वाचा' असं सांगणाऱ्या मार्गदर्शकांना मान डोलवा आणि कथा वाचा. 'वेज ऑफ सनलाइट'पासून सुरुवात करा, त्यात त्रिनिदाद आणि लंडन दोन्ही आहेत. शोधगंगेवरून, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहातून, चौकट उचलायचा मोह मलाही झाला होता. उचललेली चौकट व्हायव्हात, म्हणजे तोंडी परीक्षेत, दोन प्रश्नांत उघडी पडते.

'लंडनर्स'मध्ये उन्हाळ्यावरचं एक वाक्य आहे, विरामचिन्हांशिवाय पानंच्या पानं चालणारं. ते मोठ्यानं वाचा, दार लावून. माझी तर चौथ्या खेपेला कुठे लय जमली.