भाजीच्या पाटीपाशी लावायचा क्यूआर आईच्याच नावाचा हवा

मंडईत कोथिंबिरीच्या जुड्यांमागे टेकवलेला क्यूआर स्कॅन केला, की पुष्कळदा स्क्रीनवर समोर बसलेल्या मावशींचं नाव येत नाही. मुलाचं येतं, जावयाचं येतं, कधी शेजारच्या दुकानदाराचं येतं. स्मार्टफोन त्याच्याकडे होता, खातं त्याचं चालू होतं, कंपनीचा माणूस स्टिकर लावायला आला तेव्हा तोच समोर होता. वाईट हेतू कुणाचाच नसतो. पण दिवसभर उन्हात बसून ती जे कमावते ते संध्याकाळी दुसऱ्याच्या खात्यात जमा झालेलं असतं. पूर्वी ते कमरेच्या बटव्यात असायचं, आता मागून घ्यावं लागतं. आणि कर्ज मागायला बँकेत गेली, की इतक्या वर्षांच्या धंद्याची तिच्या नावावर एकही नोंद नसते.

यूपीआय २०१६ साली आलं आणि काही वर्षांत शहरातल्या पाटीवाल्यांपर्यंत पोचलं. सुट्ट्यांची कटकट गेली हे खरंच. पण नावाची ही गोष्ट घरोघरी राहून गेली आहे. ही माहिती मुख्यतः घरातल्या ज्या मुलामुलींनी आईला, आत्याला, सासूबाईंना क्यूआर लावून द्यायचा आहे त्यांच्यासाठी आहे.

आधी खातं तपासा

आईचं जनधन खातं आहे म्हणून लगेच क्यूआर लावू नका. पूर्ण केवायसी (ओळख-पत्त्याची पडताळणी) न करता, नुसत्या फोटो आणि सहीवर उघडलेल्या ‘स्मॉल अकाउंट’वर मर्यादा असतात: वर्षभरात एकूण जमा १ लाख, खात्यातली शिल्लक ५० हजार, महिन्याला काढता येणारी रक्कम १० हजार. रोज ८०० रुपये ऑनलाइन आले तरी १२५ दिवसांत लाख भरतात आणि मग ऐन हंगामात पैसे यायचे थांबतात. क्यूआर खराब झाला असं सगळ्यांना वाटतं, चूक खात्यात असते. शाखेत जाऊन दोनच प्रश्न विचारा: केवायसी पूर्ण आहे का, आणि खात्याला जमेची काही मर्यादा आहे का. आधार आणि पॅन घेऊन जा. पॅन नसेल तर त्याऐवजी भरायचा फॉर्म शाखेत मिळतो. धंदा मोठा असेल, रोज शे-दीडशे नोंदी पडत असतील, तर चालू खातं बरं. बचत खात्यावर इतकी वर्दळ दिसली की बँक कधी ना कधी विचारतेच.

खात्याला जोडलेला मोबाईल नंबर आईचा, सिमही आईच्या नावावर. बऱ्याचशा अडचणी इथेच येतात. अ‍ॅप सुरू करताना फोनमधून एक एसएमएस आपोआप बँकेकडे जातो, त्यावरून नंबर ओळखला जातो. रिचार्ज संपलेला असेल तर तो जात नाही. फोनमध्ये दोन सिम असतील आणि चुकीचं निवडलं तर ‘खातं सापडलं नाही’ असं येतं. आधारला एक नंबर आणि बँकेला दुसरा असेल तर आधार-ओटीपीवरून पिन ठेवता येत नाही. मग डेबिट कार्डाचे शेवटचे सहा आकडे आणि मुदतीची तारीख लागते. आणि नंबर बरेच महिने बंद राहिला तर टेलिकॉम कंपनी तो दुसऱ्याला देऊन टाकते, म्हणून छोटा का होईना, रिचार्ज चालू ठेवा.

पिन चार किंवा सहा आकडी असतो. तो आईने स्वतः ठरवायचा, स्वतः टाकायचा. जन्मसाल नको, गाडीचा नंबर नको, फोनच्या कव्हरमागे चिठ्ठी तर मुळीच नको. तुम्हालाही तो माहीत असण्याची गरज नाही. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, द्यायला आणि शिल्लक पाहायला लागतो. हे एक वाक्य आईकडून दोन-तीनदा म्हणवून घ्या. बरीचशी फसवणूक इथेच अडते.

आईकडे बटणाचा फोन असेल तरी तिच्या नावाचा क्यूआर मिळतो. शाखेत मागितला तर बँकही छापून देते. पैसे आल्याचं क्यूआरसोबतचा बोलका स्पीकर सांगतो, रक्कम डेबिट कार्डाने काढता येते. बटणाच्या फोनवरून पैसे द्यायचे असतील तर २०२२ पासून यूपीआय १२३पे ही सोय आहे.

क्यूआर घेताना

एकच घ्या. कुठल्याही यूपीआय क्यूआरवर सगळ्या अ‍ॅपचे पैसे येतात. तीन कंपन्यांचे तीन रंगीत स्टिकर लावले तर पैसे तीन वाटांनी येतात आणि संध्याकाळी हिशोब लागत नाही. घरच्या अ‍ॅपमधला वैयक्तिक क्यूआर छापूनही काम भागतं, पण धंद्यासाठी व्यापारी क्यूआर घेतलेला चांगला. स्पीकर त्यालाच जोडला जातो, दिवसाची बेरीज वेगळी दिसते, आणि क्रेडिट कार्डावरून यूपीआय करणाऱ्या गिऱ्हाइकाचे पैसेही त्यावरच येतात. साध्या यूपीआय व्यवहारावर व्यापाऱ्याकडून कमिशन घ्यायचं नाही, हा नियम जानेवारी २०२० पासून आहे. कुणी टक्केवारी सांगायला लागला तर कशावरची, ते नीट विचारा.

स्पीकरला भाडं असतं. तीन गोष्टी विचारून घ्या: महिन्याला किती, ते कुठून कापलं जाणार, आणि स्पीकर परत केला तर कापणं कसं थांबवायचं. स्पीकरचा डबा परत जातो आणि ऑटोपे, म्हणजे खात्यातून दरमहा आपोआप पैसे कापायचा आदेश, चालूच राहतं, हा नेहमीचा घोळ आहे. अ‍ॅपमधल्या ऑटोपेच्या यादीत जाऊन तो आदेश स्वतः रद्द करा. पैसे लगेच जमा होतात की दुसऱ्या दिवशी एकदम, हेही विचारा. पहाटे मार्केट यार्डात माल भरायचा असतो, तेव्हा कालचे पैसे अजून कंपनीकडेच असतील तर हातात काय राहणार?

कंपनीचा माणूस आधार, पॅन, खात्याचा तपशील आणि हातगाडीचा फोटो घेईल, ते ठीक. नोंदणीचा ओटीपी आला तर मेसेज पूर्ण वाचून आईनेच टाकायचा. ‘मावशी, फोन द्या, मी करून देतो’ म्हणून तो फोन स्वतःकडे घेऊन बसला, किंवा पिन टाकायला सांगितला, तर काम थांबवा.

सगळं झालं की शेजारच्या पाटीवालीकडून एक रुपया पाठवून घ्या. तिच्या स्क्रीनवर आईचं, बँकेत आहे तेच नाव आलं पाहिजे. त्यानंतर तो रुपया आईच्याच पासबुकात आला का, ते दुसऱ्या दिवशी पाहा.

पाटीपाशी कसा लावायचा

क्यूआरचा चौकोन दहा सेंटिमीटरचा असेल तर सुमारे एक मीटरवरून वाचता येतो. गिऱ्हाईक गाडीच्या पलीकडून, वाट्यांच्या वरून हात लांब करून स्कॅन करतं, म्हणून याहून लहान नको. चकचकीत लॅमिनेशनवर दुपारचं ऊन परावर्तित होतं आणि कॅमेऱ्याला नुसता पांढरा डाग दिसतो. मॅट लॅमिनेशन घ्या आणि किंचित पुढे झुकवून लावा. पालेभाजीवर दिवसभर पाणी मारलं जातं, ते कडेतून आत शिरून महिन्याभरात कागद फुगतो. चारही कडा सीलबंद करून घ्या. छत्रीच्या दांड्याला, छातीच्या उंचीवर ही जागा उत्तम. संध्याकाळी दिव्याचा उजेड त्यावर पडू द्या.

रोज सकाळी भवानी व्हायच्या आत क्यूआरच्या कडेवरून नख फिरवायचं. वर दुसरा स्टिकर चिकटवलेला असेल तर नख अडकतं. हे करायला पाच सेकंद लागतात आणि दिवसाची कमाई वाचते. दांड्याला लावून रात्रभर बाहेर सोडलेला क्यूआर बदलणं कुणालाही सोपं आहे, म्हणून तो तागडीसोबत घरी नेलेला बरा.

पैसे आले, हे कुणी सांगायचं?

आपल्या स्पीकरने किंवा आपल्या खात्याने. गिऱ्हाइकाच्या स्क्रीनवरची हिरवी खूण हा पुरावा नव्हे, कारण हुबेहूब तशी स्क्रीन दाखवणारी बनावट अ‍ॅप आहेत. एसएमएसही बनावट येतो. स्पीकरचा आवाज रेकॉर्ड करून गर्दीत वाजवणारेही निघाले आहेत, म्हणून आवाज आपल्या डब्यातूनच आला का, इकडे लक्ष हवं. बऱ्याच स्पीकरवर शेवटचा व्यवहार पुन्हा ऐकवायचं बटण असतं, ते आईला सापडेपर्यंत दाखवा. डब्यात स्वतःचं सिम असतं. रात्री चार्ज केला नाही तर दुपारी मुका होतो, आणि नेमकी तेव्हाच फसगत होते.

व्यवहार अडकला तर? गिऱ्हाईक म्हणतं पैसे कापले गेले, इकडे आवाज नाही. ओळखीचं गिऱ्हाईक असेल तर माल द्या आणि त्याच्या अ‍ॅपमधला बारा आकडी यूटीआर नंबर (व्यवहाराचा क्रमांक) वहीत लिहून ठेवा. अनोळखी असेल तर नम्रपणे रोख मागा. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे व्यापाऱ्याला न पोचलेले पैसे व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांच्या आत गिऱ्हाइकाच्या खात्यात आपोआप परत गेले पाहिजेत, उशीर झाला तर बँकेने रोज १०० रुपये भरपाई द्यायची असते. हे शांतपणे सांगितलं तर भांडण होत नाही.

आणखी एक फोन हमखास येतो: ‘मावशी, चुकून ५०० च्या जागी ५००० गेले, साडेचार हजार परत पाठवा.’ आधी खातं उघडून पैसे खरंच आलेत का ते पाहायचं. बहुतेक वेळा नुसता बनावट मेसेज असतो. खरंच आले असतील तर ‘तुमच्या बँकेत तक्रार करा, बँक मागेल तेव्हा देऊ’ म्हणायचं. घाईने, तेही वेगळ्याच नंबरवर, पाठवायचं नाही.

रोख बंद करू नका. गणपतीत पुण्याच्या लक्ष्मी रस्त्याच्या आसपास इतकी गर्दी असते की नेटवर्कचा भरवसा राहत नाही. आणि १२ एप्रिल २०२५ ला, हनुमान जयंतीच्या शनिवारी, देशभर यूपीआयच अडखळलं होतं. दहा-वीसच्या नोटा बटव्यात असू द्या. नवीन फोनवर यूपीआय सुरू केलं की पहिले २४ तास पाच हजारांपेक्षा जास्त पाठवता येत नाहीत, तेव्हा मोठ्या खरेदीच्या आदल्या रात्री फोन बदलू नका.

वही

तारीख, रोख, ऑनलाइन, खरेदी. चार रकाने पुरतात. ही वही तीन ठिकाणी कामाला येते.

पहिलं, कर्ज. पीएम स्वनिधी योजनेत फेरीवाल्यांना आता पहिलं कर्ज १५ हजारांपर्यंत, ते वेळेत फेडलं की २५ हजारांपर्यंत आणि मग ५० हजारांपर्यंत मिळतं. तारण लागत नाही, वेळेवर हप्ते भरले तर व्याजात ७ टक्के अनुदान आहे, डिजिटल व्यवहारांवर कॅशबॅकही आहे. चौकशी महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात करा. फेरीवाला प्रमाणपत्र आणि आधारला जोडलेला मोबाईल लागतो. फोनवर मिनिटात कर्ज देणारी आणि त्यासाठी संपर्कयादी, फोटो मागणारी अ‍ॅप्स मात्र लांब ठेवा.

दुसरं, कर. ‘ऑनलाइन घेतलं की टॅक्स लागतो’ ही भीती मंडईत खूप आहे. जुलै २०२५ मध्ये बेंगळुरूच्या छोट्या दुकानदारांना यूपीआयच्या आकड्यांवरून जीएसटीच्या नोटिसा गेल्या तेव्हा ती आणखी वाढली. पण कर विक्रीवर असतो, पैसे कुठल्या वाटेने आले यावर नसतो. नुसता माल विकणाऱ्याला महाराष्ट्रात वर्षाला ४० लाखांपर्यंत नोंदणीची गरज नाही, आणि ताज्या भाजीवर जीएसटी नाहीच. प्राप्तिकराच्या अनुमानित पद्धतीत तर रोखीच्या विक्रीवर ८ टक्के नफा धरतात आणि डिजिटलवर ६ टक्के. खात्यात घरचे, उसने, भिशीचे पैसे मिसळू देऊ नका, नाहीतर तेही विक्रीत मोजले जातात.

तिसरं, गोठलेलं खातं. चोरीच्या पैशातून कुणी पाटीवर शंभर रुपयांची भाजी घेतली, तर तपासात तो माग आईच्या खात्यापर्यंत येतो आणि बँक रक्कम रोखते, कधी सगळं खातंच. घाबरू नका. शाखेतून तक्रारीचा क्रमांक, कुठल्या राज्यातलं कुठलं पोलीस ठाणे आणि वादातली रक्कम किती हे विचारून घ्या. फक्त तेवढीच रक्कम रोखून ठेवावी असा लेखी अर्ज द्या आणि वहीतल्या त्या दिवसाच्या पानाची प्रत जोडा.

आईचेच पैसे फसवणुकीत गेले तर पहिला फोन १९३० या सायबर हेल्पलाइनला. मिनिटं मोजकी असतात, पैसे पुढच्या खात्यातून निघायच्या आत अडवावे लागतात. मग बँकेत लेखी तक्रार आणि जवळचं पोलीस ठाणे. ३० दिवसांत बँकेने दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे जाता येतं, चौकशीचा नंबर १४४४८.

मुलाच्या नावाचा क्यूआर आधीच लागला असेल तर

नवा लावून जुना फाडला म्हणजे काम झालं असं नाही. रोजची गिऱ्हाइकं स्कॅन करतच नाहीत, फोनमधल्या जुन्या यादीतलं नाव दाबून पैसे पाठवतात. ते पैसे अजून मुलाकडेच जात राहतील. महिनाभर नव्या क्यूआरखाली जाड अक्षरात लिहा: ‘खातं बदललं आहे, पुन्हा स्कॅन करा’, आणि खाली आईचं नाव. जुन्या खात्यावर चुकून आलेले पैसे मुलाने दर रविवारी आईच्या खात्यात पाठवायचे आणि वहीत टिपायचे. जुना स्पीकर परत करून त्याचं ऑटोपे बंद करायचं. जुना स्टिकर चार तुकडे करून टाकायचा, कारण तो अख्खा राहिला तर पुढच्या गर्दीत कुणीतरी तोच पुन्हा टेकवून ठेवतं.