एका सिस्टरची दोन नावं: आयर्लंडच्या धर्मसंघांच्या दप्तरात काम करायचं असेल तर

माझ्या आजीचं माहेरचं नाव द्वारका. लग्नात आजोबांनी ताटातल्या तांदळांवर अंगठीनं 'सुमती' लिहिलं आणि द्वारका तिथेच संपली. रेशनकार्डावर सुमती, सातबाऱ्यावर सुमती, मृत्यूच्या दाखल्यावरही सुमती. डब्लिनला अभिलेखागाराचं शिकायला गेले तेव्हा ही गोष्ट कधी कामाला येईल असं वाटलं नव्हतं. तिथल्या कॅथलिक धर्मसंघांच्या दप्तरात मात्र निम्मं काम नावांचंच निघालं.

तिकडे जायच्या तयारीत असलेल्या दोघी-तिघींनी विचारलं, म्हणून सविस्तर लिहितेय.

आधी एक गल्लत दूर करते. बाप्तिस्मा आणि लग्नांच्या नोंदवह्या असतात त्या पॅरिशच्या, म्हणजे आपल्या वसईकडे ज्याला धर्मग्राम म्हणतात त्याच्या. त्यांतल्या जुन्या वह्यांची छायाचित्रं आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयानं २०१५ मध्ये ऑनलाइन मोफत खुली केली. मी सांगतेय ते दप्तर वेगळं. जेझुइट, फ्रान्सिस्कन, कॅपुचिन, मर्सी, प्रेझेंटेशन, लोरेटो असे व्रत घेतलेल्या ब्रदर-सिस्टरांचे जे संघ आहेत, त्यांचं प्रत्येकाचं घर वेगळं आणि कपाटही वेगळं. १९८६ चा तिथला राष्ट्रीय अभिलेखागार कायदा सरकारी खात्यांच्या कागदांना लागू होतो, यांच्या कागदांना नाही. म्हणजे ते कागद खासगी. पाहायला मिळणं हा तुमचा हक्क नाही, विनंती करायची.

तरीही अभ्यासक तिथे रांग लावतात, कारण ३० जून १९२२ ला यादवी युद्धात डब्लिनच्या फोर कोर्ट्स या न्यायालयांच्या संकुलातलं सरकारी दप्तर जळालं. १८२१ ते १८५१ च्या जनगणनेचे बहुतेक कागद त्यातच गेले. मठांची कपाटं शहरभर, गावोगाव विखुरलेली होती म्हणून वाचली.

मी पुण्यात इतिहासात एम.ए. केलं, थोडी मोडी शिकले, पेशवे दप्तरातले रुमाल, म्हणजे कागदांची कापडी गाठोडी, दोन उन्हाळे सोडले-बांधले. मोडीचा डब्लिनमध्ये उपयोग शून्य. रुमालांचा मात्र खूप झाला. गाठ सोडण्याआधी ती कशी बांधली होती, आत कशावर काय होतं, हे टिपून ठेवायची सवय हाताला लागली होती, आणि युनिव्हर्सिटी कॉलेज डब्लिनच्या एक वर्षाच्या एम.ए.त पहिले काही आठवडे हेच शिकवतात, फक्त इंग्रजीत आणि मोठ्या शब्दांत. त्याच विद्यापीठाच्या अभिलेखागारात फ्रान्सिस्कनांची हस्तलिखितं आहेत. मायकेल ओक्लेरी नावाचे ब्रदर बेल्जियममधल्या लूवेनच्या मठातून आयर्लंडला आले आणि १६३२ ते १६३६ या काळात त्यांनी साथीदारांसह देशाचा इतिहास वर्षवार उतरवून काढला. या संग्रहातली लूवेनची पुष्कळशी हस्तलिखितं पुढे रोमला गेली, १८७२ मध्ये डब्लिनला परतली, नंतर किलायनीच्या मठात गेली आणि तिथून विद्यापीठात आली. कागदाला एवढे पाय फुटतात, हे तिथे पहिल्यांदा कळलं. कोणत्या टप्प्यावर कुणी काय उचललं, कुणी काय मागे ठेवलं, याचीही नोंद कॅटलॉगमध्ये करावी लागते.

पदवीनंतर मिळालं ते चौदा महिन्यांचं कंत्राट, सिस्टरांच्या एका संघात. तिथे सिस्टरांचं सरासरी वय वाढतंय, नव्या मुली जवळजवळ येत नाहीत, मठ एकामागून एक बंद होतायत आणि बंद झालेल्या मठाचं सामान मुख्य कचेरीत येऊन पडतं. माझ्यापुढचा पहिला खोका बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांचा होता. आत पत्रं, हिशेबाची वही, गंजलेल्या टाचण्या, संताच्या पवित्र अवशेषाची छोटी डबी आणि मागे एकही नाव नसलेले साठेक फोटो. टाचण्या काढणं, पितळी क्लिपा लावणं, आम्लमुक्त खोक्यांत भरणं हे आठवड्याभरात हाताला बसतं. त्याची धास्ती घेऊ नका.

अडतं ते प्रवेशाच्या नोंदवहीपाशी. ही लांबट, जाड पुठ्ठ्याची वही, दोन पानांवर मिळून एक ओळ. डावीकडे मुलीचं जन्मनाव, आईबापांची नावं, गाव, मठात आल्याची तारीख. मग मठाचा पोशाख आणि नवं नाव मिळाल्याची तारीख, व्रतं घेतल्याची तारीख, आणि अगदी उजवीकडे वेगळ्या शाईत, वेगळ्या हातानं, मृत्यूची. पोशाख घेण्याच्या दिवशी पुष्कळ मठांत मुलगी नवरीच्या पांढऱ्या वेषात यायची. आणि हुंडाही असे! तो आणणाऱ्या 'क्वायर' सिस्टर प्रार्थना म्हणत, शाळेत शिकवत. ज्यांच्याकडे द्यायला काही नसे त्या 'ले' सिस्टर स्वयंपाकघरात आणि धुण्यावर. १९६० च्या दशकात कॅथलिक चर्चच्या सुधारणांसाठी भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर हा भेद गेला, पण हिशेबाच्या वह्यांत तो रकाने पाडून बसला आहे. मठात सगळ्या समान, असं मनात धरून आलात तर पहिली वही उघडताच ते मोडेल.

माझी चूक इथलीच. सिस्टर मेरी जोसेफच्या सहीची चाळीसेक पत्रं होती. मी सगळी एका नावाखाली लावली, छान परिचय लिहिला, वर 'दीर्घ सेवा' असंही ठोकून दिलं. वरिष्ठ बाईंनी दोन पत्रं शेजारी ठेवली, एक १८६० च्या दशकातलं, एक १८९० च्या. "यातला 'डी' बघ," एवढंच म्हणाल्या. एकीचा 'डी' मागे कुरळत जायचा, दुसरीचा काठीसारखा उभा. एक सिस्टर वारली की तिचं नाव पुढे त्याच मठातल्या नव्या मुलीला मिळत असे. माझ्या 'दीर्घ सेवे'त दोन बायका राबत होत्या. उलटंही होतं. त्याच परिषदेनंतर अनेकींनी जन्मनाव परत घेतलं, त्यामुळे १९६० पर्यंतची एक सिस्टर आणि १९७० नंतरची दुसरी या एकच निघतात. तेव्हापासून माझा नियम: कॅटलॉगला हात लावण्याआधी नावांचा तक्ता. जन्मनाव, मठातलं नाव, कधीपासून कधीपर्यंत, आणि हे कशावरून म्हणतो.

भारतीय असण्याचा फायदा एकदाच झाला, पण झकास झाला. १८४१ मध्ये लोरेटोच्या सिस्टर डब्लिनहून कलकत्त्याला निघाल्या, पुढच्याच वर्षी प्रेझेंटेशनच्या मद्रासला पोचल्या, त्यामुळे त्या काळची हिंदुस्थानातली पत्रं आयर्लंडमध्ये आहेत. टपालखर्च वाचवायला पान भरलं की ते आडवं फिरवून त्याच मजकुरावर काटकोनात पुढे लिहायचं, असा तेव्हाचा रिवाज. कागद विणलेल्या खाटेसारखा दिसतो. वाचताना पान तिरकं धरायचं, डोळ्याला एकाच दिशेच्या ओळी दिसू लागतात. अशाच एका पत्रात आधीच्या माणसानं पेन्सिलीनं 'अवाच्य' असा शेरा मारलेले तीन शब्द होते. मी पाहिलं तर पंखा, धोबी आणि कचेरी!

आता जड भाग. काही संघ मॅग्डालेन धुलाईघरं चालवत, म्हणजे 'बिघडलेल्या' ठरवलेल्या बायकांना आत ठेवून बिनपगारी कपडे धुवायला लावणाऱ्या संस्था. सरकारच्या मॅकअलीस समितीनं २०१३ मध्ये अशा दहा ठिकाणांवर अहवाल दिला. ती चार संघांची होती. तिथे डांबलेल्या बायकांना आत गेल्यावर बऱ्याचदा दुसरंच नाव दिलं जाई. सिस्टरनं नाव बदललं ते व्रत म्हणून. या बायकांना विचारलं कुणी? त्याच वर्षी सरकारनं भरपाईची योजना काढली. रक्कम आत किती काळ काढला त्यावर, साडेअकरा हजार युरोंपासून एक लाखापर्यंत. म्हणजे नोंदवहीतल्या आल्या-गेल्याच्या दोन तारखांना थेट पैशांची किंमत आली, आणि कित्येक ठिकाणी गेल्याच्या तारखेचा रकाना कोरा. माझं मत स्पष्ट आहे: स्वतःची नोंद मागायला आलेल्या बाईला खासगी मालकीचं कारण सांगून थांबवू नये. संघांतल्या काही सिस्टरांनाही हे पटतं, काहींना नाही. तुम्ही नोकरीवर असताना या दोहोंच्या मध्ये उभ्या असता.

व्यवहारात हे माहीत असू द्या की आई-बाळ गृहांची, म्हणजे लग्नाविना गरोदर राहिलेल्या मुलींना बाळंतपणासाठी ठेवत त्या घरांची, पुष्कळशी कागदपत्रं आता संघांकडे नसून टुस्ला या सरकारी संस्थेकडे आहेत, आणि २०२२ च्या जन्ममाहिती कायद्यानं दत्तक गेलेल्यांना आपली माहिती मागण्याचा हक्क मिळाला आहे. फोनवर रडणाऱ्या माणसाला योग्य दाराशी पोचवणं हेही कामच. ते कुठल्याही वर्गात शिकवत नाहीत.

बाकीचं थोडक्यात. मास्टर्सनंतर स्टॅम्प १जी या शिक्षणोत्तर परवान्यावर दोन वर्षांपर्यंत राहून काम करता येतं, पण कामं बहुधा कंत्राटी. पुष्कळ ठिकाणी एकच आर्किव्हिस्ट, तीही आठवड्यातून तीनच दिवस. ईमेलला उत्तर पंधरा दिवसांनी आलं तर तो नकार समजू नका. अर्जात 'मला चर्चच्या इतिहासात रस आहे' लिहिण्यापेक्षा कोणता मठ, कोणती वर्षं, कोणता प्रश्न ते लिहा. कॅथलिक असणं गरजेचं नाही. मला मुलाखतीत धर्म कुणी विचारला नाही, लॅटिन येतं का ते विचारलं. संक्षेप ओळखण्यापुरतं येऊ द्या. शाईचं पेन दाराबाहेर.

कंत्राट संपताना मी पुढच्या मुलीसाठी एक यादी ठेवली, 'ओळख पटली नाही' अशी. त्यात अकरा नावं होती, आणि एका फोटोतली उजवीकडून तिसरी, कडेवर मांजर घेतलेली. चार महिन्यांनी त्या मुलीचा ईमेल आला. दोन नावं लागली, मांजराचं नाव पत्रात सापडलं. सिस्टरचं अजून नाही.